हसरे गुरुजी

रिना मांढरेनं एका शनिवारी दुपारी कॉम्प्युटरच्या खोलीतल्या सगळ्या मशिनींचे गळे कापले, आणि कापताना तिचा हात जरासुद्धा अडखळला नाही. पाठीमागचं झाकण उघडायचं, स्पीकरकडे जाणारी वायर बोटानं ओढून वर घ्यायची आणि पकडीनं टचकन तोडायची. सगळं उरकल्यावर तिनं झाकणं होती तशी बसवली, वायरमनची पक्कड त्याच्या खोक्यात ठेवली आणि तोंडातून ब्र काढला नाही.

शाळा धानोऱ्याच्या पुढं, आत जंगलात, बोदनटोल्याला होती. एका खासगी संस्थेची आश्रमशाळा. रिना सिंदेवाहीची. बाप बाबुलाल तलावात जाळं टाकायचा, आई बाजारात मासोळी विकायची. बी.सी.ए. झाल्यावर ती इथं कॉम्प्युटर शिकवायला आली आणि टिकली. स्वभावानं तिखट. स्टाफरूममध्ये तिच्या शेजारची खुर्ची बहुतेक रिकामीच असायची, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

मशिनी त्याच साली दिवाळीच्या सुट्टीनंतर आल्या होत्या. नागपूरच्या कुठल्याशा कंपनीनं लहान मुलांसाठी काढलेला पिवळाधमक कॉम्प्युटर, नाव 'हसरे गुरुजी'. पडद्यावर फेटेवाले, मिशीवाले गुरुजी. ते अक्षराचा उच्चार करायचे, मुलानं पडद्यावरच्या चौकोनांतून ते अक्षर बोटानं दाबायचं. बरोबर आलं की टाळ्या. चुकलं की गुरुजी पोट धरून हसायचे, "हा हा हा! चुकलास रे, चुकलास!" मुलगी असली तरी चुकलासच.

पहिल्या दिवशी रिनाही खूश होती. संस्थेनं एवढं तरी आणलं, म्हणून तिनं मशिनींना स्वतःच्या हातानं हळदकुंकू लावलं होतं. मग एकेक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. चालू-बंदचं बटन पडद्याच्या खालच्या काठावर होतं, मुलानं मनगट टेकवलं की मशीन बंद. अक्षरं राखाडी आणि मागचा रंग पिवळा, दुपारी खिडकीतून ऊन आलं की काही म्हणता काही दिसत नसे. पण सगळ्यांत मोठी खोड अक्षरांच्या वळणात होती. कुणीतरी हौसेनं नवं, नखरेल वळण काढलं होतं आणि शोभेसाठी सगळ्याच अक्षरांच्या डोक्यावरची रेघ मधेच तोडली होती. त्यामुळं घ आणि ध एकच झाले. म आणि भ एकच झाले. मोठ्या माणसानं अंदाजानं ओळखावं, आणि इथं तर नुकतंच अक्षर शिकणारं, घरी गोंडी बोलणारं लेकरू.

तिसरीतली सोमारी अशीच एक. नदीपलीकडच्या गावातली, हाडापेरानं बारीक, पण पाटीवर तिचं अक्षर मोत्यासारखं. गुरुजी म्हणाले, "घ दाखव." सोमारीनं बोट टेकवलं. गुरुजी हसले. तिनं दुसऱ्या तशाच चौकोनावर टेकवलं, पण चौकोन एकमेकांना चिकटलेले, बोट शेजारी गेलं. गुरुजी पुन्हा हसले, आणि त्यांच्याबरोबर अख्खी खोली हसली.

"नीट पाह्य ना वं," रिना तिच्यावर खेकसली होती. "डोळे कुठी हायेत तुह्ये?"

त्यानंतर सोमारी मशिनीसमोर बसायची ती दोन्ही हात मांडीखाली दाबून. पुढं पुढं दुसरी मुलंही तशीच बसायला लागली. खोलीत कुणी हसेनासं झालं, बोलेनासंही झालं. बोट पुढं करायचं कुणीच नाही. गुरुजी एकटेच थोडा वेळ वाट पाहायचे आणि मग आपोआप हसायचे, कारण उत्तर न देणं हीसुद्धा चूकच होती.

रिनानं कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. तिकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, हसणं हेच तर आपलं मेन फीचर आहे. मुलांना मजा येते."

"आवाज कमी करायचं बटन तरी कुठी हाये?"

"ते मुद्दाम दिलेलं नाही, मॅडम. मुलं छेडछाड करतात."

शेवटी त्या शनिवारी, मुलं जेवायला गेल्यावर, ती स्वतः सोमारीच्या जागेवर बसली. तिला भ हवा होता, म दाबला गेला. रिकाम्या खोलीत तो माणूस तिला हसला. तिचे कान तापले. कुणी पाहत नव्हतं, तरी कुणीतरी पाहिलंय असं वाटून तिनं दाराकडे वळून बघितलं. मग उठली आणि वायरमनचं खोकं शोधायला गेली.

वायरी तोडल्यावर हसणं गेलं, पण अक्षरांचा उच्चारही गेला. रिना आता या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत स्वतःच अक्षरं म्हणायची, दुपारपर्यंत घसा बसायचा. मुलं हळूहळू हात बाहेर काढायला लागली. सोमारी मात्र अजून मांडीखाली दाबलेले हात काढत नव्हती.

जानेवारीत संस्थेचे सचिव धनराजभाऊ कुनघाडकर स्वतः शाळेत आले. फार खुशीत होते. कंपनी जाहिरातीची फिल्म काढणार होती, आणि ती याच शाळेत. "आपल्या शाळेचं नाव होऊन राह्यलं, बाई," ते रिनाला म्हणाले. "लेकरांना आंघोळी घाला. तेल-कंगवा नीट करा."

रिनाला वायरी आठवल्या. तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. ती म्हणाली, "हो भाऊ," आणि तेल-कंगव्याच्या तयारीला लागली.

ठरल्या दिवशी सकाळी नागपूरची गाडी आली. कॅमेरावाले, दिवेवाले, आणि सगळ्यांच्या पुढं सुरेंद्र. हा कंपनीचा मार्केटिंगचा प्रमुख. भरदार, गोरागोमटा, आवाज असा की अंगणाच्या या टोकाला बोलला तर त्या टोकाला ऐकू यावं. त्याच्यामागं खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून एक किडकिडीत मुलगा, आयुष. मशिनीच्या पडद्यावरची अक्षरं आणि चौकोन त्यानं बनवले होते.

सुरेंद्रनं गाडीतून एक खोकं उतरवलं. आत मोरपिसांचे टोप आणि रंगीत मण्यांच्या माळा होत्या, नागपूरहून भाड्यानं आणलेल्या.

"हे कायले?" रिनानं विचारलं.

"मुलांना घालायला. जंगलातली मुलं वाटली पाहिजेत ना."

"जंगलातलीच हायेत ते. गणवेश घालून शाळेत येतात."

"मॅडम, बघणाऱ्याला ते कळत नाही," सुरेंद्र म्हणाला आणि आत गेला.

आत गेल्यावर पाचच मिनिटांत सगळं बाहेर आलं. त्यानं एक मशीन लावली, दुसरी लावली, तिसरी लावली. गुरुजी तोंड हलवत होते, आवाज नव्हता. आयुषनं पाठीमागचं झाकण उघडलं आणि तुटलेल्या वायरीची दोन टोकं सगळ्यांना दिसतील अशी वर धरली.

"हे कुणी केलं?" सुरेंद्रनं विचारलं. धनराजभाऊंचा चेहरा उतरला. "उंदरं लय हायेत इथी," ते चाचरत म्हणाले.

"उंदीर पक्कड वापरतात का?"

"म्या तोडल्या," रिना म्हणाली.

खोलीतली मुलं, कॅमेरावाले, सगळे तिच्याकडे बघायला लागले.

"तुम्ही?" सुरेंद्रला खरंच कळेना. "टीचर आहात ना तुम्ही? कंपनीच्या प्रॉपर्टीचं नुकसान केलंत. का?"

"तुमची मशीन माह्या लेकरांवर हासते म्हणून."

"हासते म्हणून? अहो, तीच तर गंमत आहे! बाहेर लाखोंच्या तोंडी आहे ते हसू."

"तुमच्या लाखोंचं मले काय सांगता? माह्यी सोमारी दोन महिन्यांपासून हातावर बसून हाये. ते पाह्या ना."

"बाई, गप बसा," धनराजभाऊ दबक्या आवाजात म्हणाले. मग सुरेंद्रकडे वळून, "साहेब, मी पाहतो हिच्याकडे. तुम्ही काम करा."

सुरेंद्रनं आयुषला एक मशीन जोडायला लावली. आयुष जमिनीवर बसून वायरीची टोकं सोलत होता. रिना त्याच्या डोक्यावर उभी राहिली.

"तुमीच बनवली ना?"

"पडदा मी बनवला. आवाजाचं काम दुसरीकडे झालं."

"बनवताना कोण्या लेकराच्या मागं बसून पाह्यलं होतं?"

"टेस्टिंग झालं होतं, मॅडम."

"कुठी?"

"ऑफिसमध्ये. स्टाफची मुलं आणली होती."

"त्याइले घ न् ध पयलेच येत असन मंग."

आयुषनं मान वर केली. त्याच्या नजरेत राग होता. "तुम्ही वायर तोडली तेव्हा अक्षरांचा आवाजपण तोडला, मॅडम. आवाजाशिवाय हे मशीन म्हणजे नुसता डबा. इतके दिवस या मुलांना तुम्ही डब्यासमोर बसवलंत, आणि कुणाला सांगितलंपण नाही."

रिनाला हे लागलं, कारण त्यात खोटं काही नव्हतं. "फोन लावला होता," ती म्हणाली, "तुमच्याच माणसाले." पण तिचा आवाज पहिल्यासारखा चढला नाही.

मशीन बोलायला लागली. दिवे लागले. पहिल्या बाकावर सोमारी, तिच्याशेजारी इसरू, मागं बाकीची. सुरेंद्रनं टोप घालायला दिले. मुलांनी ते हातात धरले आणि डोक्यावर मात्र कुणीच चढवले नाहीत. "बरं, राहू द्या. नुसते हसा तरी," तो म्हणाला. "मशीनकडे बघायचं आणि मोठ्यांदा हसायचं. चला!"

मुलं समोर बघत राहिली.

"लाजतात," सुरेंद्र कॅमेरावाल्याला म्हणाला. "थांब, मोकळं करतो यांना." तो मुलांसमोर वाकला, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि खदखदून हसला. "हा हा हा!"

पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्या मुलांचे हात एकदम खाली गेले. काहींनी मांडीखाली दाबले, काहींनी काखेत धरले. इसरूनं डोळे घट्ट मिटले. सोमारीचं डोकं इतकं खाली गेलं की कॅमेऱ्यात नुसता तिचा भांग दिसत होता.

सुरेंद्रला समजलं नाही. तो आणखी जोरात हसला. मागं एक लहान मुलगी हुंदके द्यायला लागली.

रिनानं तो आवाज ओळखला होता. "हे हासणं तुमचं हाये?" तिनं विचारलं. "मशिनीतलं?"

"अर्थात." त्याही वेळी त्याच्या तोंडावर अभिमान होता. "पाच कलाकार ऐकले, एकालाही जमलं नाही. शेवटी मीच दिलं. अख्खा दिवस घालवला स्टुडिओत."

"मंग पाह्या आता लेकराइकडं. तुमीच हासले न् तुमीच पाह्या."

आयुष पाहत होता. त्याच्या हातातला टेपचा तुकडा तसाच राहिला. सुरेंद्रनंही एकदा पाहिलं, अगदी नीट पाहिलं, आणि त्याचा चेहरा लालबुंद झाला. क्षणभर रिनाला वाटलं, हा माणूस आता काहीतरी बोलेल. तो बोललाही.

"तुम्ही यांना शिकवून ठेवलंय," तो म्हणाला. "मला पाडायला. मी येणार हे माहीत होतं तुम्हाला."

"मी कायले शिकवू? तुमीच शिकवलं. रोज, तासातासाले."

"धनराजभाऊ, या बाईंना आधी बाहेर काढा."

धनराजभाऊंनी तिला दंडाला धरून बाहेर काढलं नाही, पण दाराकडे बोट दाखवलं, आणि तिला ते दंडाला धरण्याइतकंच झोंबलं. ती व्हरांड्यात उभी राहिली. आत काही जमेना. कॅमेरावाल्यानं सोमारीला विचारलं, "घाबरली का बेटा?" तर ती एकच शब्द म्हणाली, "हिल्ले." म्हणजे नाही. आणि हात काही काढले नाहीत.

दुपारी गडचिरोलीहून धनराजभाऊंची गाडी आली. तिच्यातून त्यांची मुलगी खुशबू उतरली. इंग्रजी शाळेत जाणारी, गुटगुटीत, कॅमेऱ्याची हौस असलेली पोरगी. तिला मोरपिसांचा टोप घातला, गळ्यात मण्यांच्या माळा घातल्या, गालाला माती लावली. मशीन आंब्याच्या झाडाखाली नेली. आयुषनं आवाज आतूनच बंद केला, पडद्यावर आधीच केलेली फिल्म लावली, म्हणजे बोट कुठंही टेकलं तरी बरोबरच येणार. खुशबू छान हसली. बोदनटोल्याची मुलं व्हरांड्याच्या कठड्यावर रांगेनं बसून तिच्याकडे बघत होती. त्यांच्यात रिनाही उभी होती, आणि तिला वाटत होतं की जाऊन तो टोप एका फटक्यात उडवावा. पण त्या पोरीचा काय दोष, म्हणून ती हलली नाही.

आठवड्याभरात रिनाला कारणे दाखवा नोटीस मिळाली. कॉम्प्युटरची खोली तिच्याकडून काढून घेतली आणि किल्ली लिपिक कोलूकडे गेली. तिला कोठीत घातलं, तांदूळ-डाळ मोजून द्यायला. मशिनींच्या वायरी पुन्हा जोडल्या गेल्या. कोलू मुलांना आत सोडायचा आणि बाहेर बाकावर मोबाइल बघत बसायचा. कोठीत तांदूळ निवडता निवडता रिनाला व्हरांड्यापलीकडून तो आवाज यायचा. हा हा हा. ती हातातलं सूप आपटायची. स्वयंपाकीण सीताबाई म्हणायची, "त्या सुपानं काय केलं वं तुह्यं?"

फेब्रुवारीत रिना कामासाठी गडचिरोलीला गेली तेव्हा चौकात भला मोठा फलक लागलेला तिनं पाहिला. मोरपिसांतली खुशबू, शेजारी पिवळी मशीन, वर ठळक अक्षरांत 'जंगलातली मुलंही हसत शिकली!' त्या अक्षरांवर मात्र रेघ अखंड होती, लांबून बसमधूनही वाचता यावं अशी. विकायच्या वेळी यांना सगळं कळतं, हे तिच्या डोक्यात गेलं ते गेलंच. तिनं तिथंच उभं राहून हेल्पलाइन लावली, मराठीसाठी दोन दाबलं आणि समोरच्या पोराला असं काही सुनावलं की पानठेल्यावरची माणसं पान खायची थांबली.

"नाव लिवून घे. रिना मांढरे, बोदनटोला. थ्या पडदा बनवणाऱ्याले सांगजो. म्हणाव, फलकावरच्या अक्षराले रेघ देता येते, न् लेकरांच्या अक्षराले काऊन नाई?"

त्यातून काही होईल असं तिला वाटलं नव्हतं. पण होळीच्या आधी, भर दुपारी, बसमधून आयुष उतरला. एकटाच, खांद्याला तीच बॅग. कोठीच्या दारात येऊन उभा राहिला.

"सुट्टी काढून आलोय," तो म्हणाला. "कंपनीनं पाठवलं नाही. सुरेंद्रसर म्हणाले, हसू काढायचं नाही, आता तीच ओळख झाली आहे."

रिना तांदूळ मोजत राहिली. पाणी विचारलं नाही, बसा म्हणाली नाही. "मंग कायले आले?"

"मुलांच्या मागं बसायला."

"आता आठवलं?"

"हो. आता," तो म्हणाला. स्वतःची बाजू मांडायला आणखी काही बोलला नाही, आणि त्यामुळंच तिनं माप खाली ठेवलं.

कोलूला शंभर विनवण्या कराव्या लागल्या नाहीत. कंपनीचा माणूस दुरुस्तीला आलाय म्हटल्यावर त्यानं किल्ली दिली. रिनाला आत जायची बंदी होती, म्हणून ती खिडकीबाहेर उभी राहिली. "मागच्या बाकावर बसा," तिनं बाहेरूनच हुकूम सोडला. "तोंड उघडायचं नाई. मदत करायची नाई. नुसतं पाह्यचं."

तो बसला. तासभर त्यानं पाहिलं. मनगट टेकून बंद पडणाऱ्या मशिनी पाहिल्या, उन्हात पुसली जाणारी अक्षरं पाहिली, शेजारच्या चौकोनावर घसरणारी बोटं पाहिली. सुकलू नावाचा एक पोरगा घ शोधत शोधत शेवटी रडकुंडीला आला, आणि त्याच क्षणी त्याचे गुरुजी हसले. आयुषनं तोंडावर हात ठेवला. मधेच एकदा मदतीला उठायला गेला, तर खिडकीतून रिना ओरडली, "बसा!"

मुलं गेल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला. अक्षरांना पुस्तकातलं साधं वळण दिलं, ज्याला हवी त्यालाच तुटकी रेघ. पडद्यावर कमी चौकोन ठेवले, मोठे आणि सुटे सुटे. मागचा रंग पांढरा केला. हसण्याचा आवाज पुसून टाकला. त्या जागी गुरुजी तेच अक्षर फक्त पुन्हा म्हणतील, शांतपणे.

"कंपनीले कळलं तं?" रिनानं खिडकीतून विचारलं.

"काढतील."

"काढतीन," ती म्हणाली. "मले बी काढलंच." तिच्या बोलण्यात कळवळा नव्हता, त्यानंही तो मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरीचा वर्ग आला. सोमारी नेहमीसारखी हातांवर बसली. गुरुजी म्हणाले, "भ." ती गप्प. गुरुजी थोडं थांबून पुन्हा म्हणाले, "भ." पुन्हा तेवढंच. बराच वेळ तिनं असंच ऐकलं. मग उजवा हात मांडीखालून काढला आणि एका चौकोनावर घाईघाईत बोट टेकवून मान खांद्यांत घातली. चुकलं होतं. काही झालं नाही. गुरुजी म्हणाले, "भ." सोमारीनं मान वर करून पडद्याकडे पाहिलं, मग शेजारच्या इसरूकडे, मग पुन्हा पडद्याकडे. या वेळी तिनं बोट सावकाश नेलं.

टाळ्या वाजल्या तशी ती दचकली. रिनाही खिडकीबाहेर दचकली, आणि गजाला धरलेला हात तिनं सोडला नाही.

आयुष बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा होती. "जमलं ना?" त्यानं विचारलं. "मी दुपारच्या बसनं निघतो. सुट्टी संपली माझी."

"उद्या पयलीचे लेकरं बसतात," रिना म्हणाली. "त्याइले तं आकडे बी येत नाई अजून. पडद्यावरचं पान उलटवाचे तुमचे बारके आकडे ते कसे दाबतीन, थे पाह्यलं का?"

"नाही. पण सुट्टी..."

"वाढवा मंग," ती म्हणाली आणि कोठीकडे वळली. चार पावलं गेल्यावर मागं न पाहताच तिनं स्वयंपाकघराच्या दिशेनं आवाज दिला, "सीताबाई, एक ताट जास्तीचं लावजो वं आज."